समांतर पंचम

घडलं ते इतकं किरकोळ होतं की दुसरं कुणी असतं तर घरी पोचेपर्यंत विसरून गेलं असतं. संगीताच्या तासाला फळ्यावरचं चार आवाजांच्या स्वररचनेचं उदाहरण सोडवून कोतोने मोरिवाकी आपल्या बाकाकडे परत निघाली होती. उत्तर नेहमीप्रमाणे बिनचूक होतं. उसामी सरांनी त्याकडे एकदा पाहिलं, नुसतं 'हं' केलं, आणि अर्धा विराम कसा ऐकू येतो ते पोरांना दाखवायला ते पियानोकडे वळले. त्यांनी पहिल्या स्वरावरचा कॉर्ड वाजवला, मग पाचव्यावरचा, आणि हात उचलला. तो दुसरा कॉर्ड कानावर पडताक्षणी कोतोने दोन बाकांच्या मधल्या वाटेत थांबली, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेतून वाकली. शाळेत तास सुरू होताना वाजतात तेच हे कॉर्ड. पहिल्याला ताठ उभं राहायचं, दुसऱ्याला वाकून नमस्कार करायचा, तिसऱ्याला सरळ व्हायचं. इथं जपानात लहानाचं मोठं झालेल्या प्रत्येकाच्या हाडात ते मुरलेले असतात. पण बाकीची पोरं बसलेली होती, म्हणून वाचली. तिसरा कॉर्ड आलाच नाही. सर पाठमोरे बोलायला लागले होते, "हा प्रश्न आहे. वाक्य इथं थांबतं, पण संपत नाही. उत्तर यायचंय अजून..." आणि कोतोने वाकलेलीच. तिला खालची फरशी दिसत होती, कुणाच्या तरी खोडरबराचा चुरा दिसत होता, स्वतःच्या बुटांची टोकं दिसत होती. आपण वर यायला हवं हे तिला कळत होतं, पण पाठ काही हलेना.

"अगं मोरिवाकी, वर ये की!" मागच्या बाकावरून ओगिसो ओरडला. तो ट्रॉम्बोन वाजवायचा आणि त्याचा आवाजही त्या वाद्यासारखाच होता. "सर काय तुला जन्मभर तशीच ठेवणार आहेत का?" सगळा वर्ग हसला. सरांनी मागं वळून पाहिलं, त्यांना क्षणभर काही उमगेना, मग उमगलं, आणि त्यांनी उभ्या उभ्याच एका हातानं तिसरा कॉर्ड वाजवला. कोतोने वर आली. पुन्हा सगळे हसले, तीही हसली. आपल्यावर लोक हसले की आपणही हसून घ्यावं, म्हणजे प्रकरण तिथंच मिटतं, हे आईनं शिकवलं होतं. ती बाकावर जाऊन बसली. वाकण्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. आईच्या घरच्या पियानोच्या वर्गात प्रत्येक धडा याच तीन कॉर्डांनी सुरू व्हायचा आणि यांनीच संपायचा, म्हणजे तिचं वाकणं ही जित्याची खोड झाली. पण वर येणं? ते तर ज्याचं त्यानंच यायचं असतं. आणि सर म्हणाले, हा प्रश्न आहे. दोन वर्षं ती हे लिहून घेत होती, परीक्षेत त्याचे पैकीच्या पैकी गुण मिळवत होती. आज तिला कळलं की आपण तो कॉर्ड प्रश्न म्हणून कधी ऐकलाच नाही. आपल्याला तो हुकूम वाटत आला.

उरलेल्या तासात सर तपासलेले कागद परत देत होते. ओगिसोच्या कागदावर लाल शाईचा सडा पडला होता. "ओगिसो, तुझ्या खालच्या दोन आवाजांनी, टेनर आणि बासनं, हातात हात घालून पळ काढलाय. हा काय प्रकार?" "सर, जुनी दोस्ती आहे त्यांची." "दोस्ती नाही रे बाबा. दोन आवाज पंचमाच्या अंतरावर एकाच दिशेनं चालायला लागले की दोघांतला एक मेला म्हणून समज. कानाला एकच माणूस ऐकू येतं. चार जणं गाणार म्हणालास आणि गातायत तीन. मेलेल्याची खूण म्हणून ही लाल रेघ." पोरं हसली. समांतर पंचमाचं हे मर्तिक सर दरवर्षी दरेक वर्गात करायचे, आणि दरवर्षी पोरं हसायची. कोतोनेच्या कागदावर लाल रेघ कधीच नसायची. तिचे चारही आवाज आपापल्या वाटेनं जायचे, जवळच्या जवळ सरकायचे, जो स्वर दोन्ही कॉर्डांत सारखा असेल त्यावर निमूट थांबून राहायचे, सातव्या स्वरावर आले की शहाण्यासारखे वर घरी, म्हणजे मूळ स्वरावर, पोचायचे. इतर मुली तिचा कागद मागून नेत आणि उतरवून घेत. कुणी तिला विचारत नसे की तुला हे कसं सुचतं. कारण तिला काही सुचत नव्हतंच. तिला फक्त कुठं जाऊ नये ते ठाऊक होतं, आणि जिथं जाऊ नये अशा सगळ्या जागा सोडल्या की जी एक वाट उरायची तिनं ती जायची.

पण या खेपेला तिनं उसामी सरांच्या खोलीत आणखीही काहीतरी देऊन ठेवलं होतं. दोन पानं, चार आवाज, शब्द नाहीत. उभ्या रेघांनी पाडलेल्या सोळा रकान्यांचं एवढंसं गाणं, चार चार रकान्यांची चार वाक्यं. उन्हाळ्यात कॉलेज रिकामं असताना सरावाच्या खोलीत बसून तिनं ते लिहिलं होतं. बाजूच्या खोल्यांतून कुणाची बासरी, कुणाचं गळा तापवणं, कुणी एकच अवघड जागा पुन्हा पुन्हा घोटतंय, आणि त्या कोलाहलात तिचं हे चाललेलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. आयुष्यात न मागता केलेली तिची ती पहिली गोष्ट. सर हो म्हणाले तर ती पियानोची शाखा सोडून तिसऱ्या वर्षापासून रचनेच्या शाखेकडे जाणार होती. अर्जाची मुदत जवळ आली होती आणि आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. खरं तर शाखा बदलणं हे निमित्त होतं. त्या दोन पानांत आपलं स्वतःचं असं काही आहे की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. एवढंच म्हणजे सगळंच.

सरांच्या खोलीत जुन्या कागदांचा आणि भाजलेल्या तांदळाच्या चकत्यांचा वास होता. त्यांनी चहा ओतला, चकत्यांचा डबा पुढं सरकवला, आणि तिची दोन पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. मग म्हणाले, "यात चूक नाही."

"थँक्यू सर."

"थांब, थांब. लगेच आभार मानू नकोस. मी शोधली. चष्मा बदलून शोधली. वाटलं, कुठं तरी एक आडवा पाय पडला असेल, एखादी बाई आपल्या सुराबाहेर किंचाळली असेल. नाही. कुणी कुणाच्या पायावर पाय दिलेला नाही."

"मग ते चांगलंच आहे ना सर?"

"चांगलंच आहे. तीच तर पंचाईत." त्यांनी एक चकती मोडली आणि खायचं विसरून हातातच धरली. "हे बघ, मोरिवाकी. इथं चार माणसं गातायत. एकालाही काही हवंय असं वाटत नाही. हे पहिलं वाक्य, चार रकाने, शेवटी अर्धा विराम. इथं प्रश्न पडायला हवा. आणि तू काय करतेस? प्रश्न विचारायच्या जागी माफी मागतेस. मग पुढचे चार रकाने त्या माफीबद्दल माफी मागतेस. आज वर्गात तू वाकलीस ना, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, अरे, हेच तर त्या पानांत आहे!" बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं असावं. ते घाईनं म्हणाले, "अर्ज करायचा असेल तर कर. पास होशील. तुझ्यासारखी माणसं पासच होतात."

"आणि मग?"

"मग माझ्यासारखी होशील. जन्मभर पोरांच्या पंचमांवर लाल रेघा ओढशील. वाईट नसतं ते. पगार वेळेवर होतो." ते हसले. ती हसली नाही, आणि ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली. दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं गं तुझ्या?" "आई," ती म्हणाली. सरांनी 'हं' केलं. सकाळी फळ्याकडे बघून केलं होतं तेच हे 'हं' होतं, असं तिला वाटलं.

कॉलेज नागोयाच्या टोकाला, टेकडीवर. उतारावरून खाली येताना वारा समोरून अंगावर येत होता आणि ती पानं तिनं कोटाच्या आत छातीशी धरली होती. आज तिला सगळीकडे वाकलेली माणसं दिसायला लागली. रस्ता खणला होता तिथं पाटीवर रंगवलेला हेल्मेटवाला माणूस वाकून गैरसोयीबद्दल माफी मागत होता. त्याला तर वर येण्याची सोयच नव्हती, त्याला रंगवलाच तसा होता. बँकेच्या दारात एक गृहस्थ फोनवर बोलता बोलता, समोर कुणी नसताना, पुन्हा पुन्हा कमरेत लवत होते. आगगाडीत डब्याचं दार उघडून गार्ड आत आला, टोपी काढून सगळ्या डब्यापुढं वाकला आणि सरळ होऊन पुढं गेला. तो सरळ झाला हे तिनं नीट पाहिलं. केवढ्या सहज झाला! कुणी कॉर्ड वाजवला नाही, काही नाही. वाकणारी माणसं वाकतात आणि वर येतात, त्यात त्यांचं काही जात नाही. मग आपलंच घोडं कुठं अडलं? तिला खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसला आणि तो आईसारखा दिसला, म्हणून तिनं नजर खाली वळवली. मांडीवर तिची बोटं आपसूक हलत होती. ती काय वाजवतायत हे कळायला तिला वेळ लागला. मासा मेला होता तेव्हाचं गाणं.

ती शाळेतसुद्धा जात नव्हती तेव्हाची गोष्ट. उन्हाळी जत्रेत कागदाच्या जाळीनं पकडून आणलेला लाल मासा काचेच्या भांड्यात दोन-चार दिवस फिरला आणि एका सकाळी वर तरंगला. बाबा तेव्हा घरीच होते, त्यांची बदली व्हायची होती. त्यांनी कुंडीत खड्डा खणला. कोतोने रडली नाही, ती पियानोवर जाऊन बसली आणि दोन बोटांनी तिनं काहीतरी वाजवलं. चारच स्वर होते. पुन्हा पुन्हा तेच वाजवत राहिली. त्यात एक स्वर होता तो टोचायचा, आणि तो टोचला की मासा आठवायचा, म्हणूनच ती तो पुन्हा पुन्हा वाजवत होती. स्वयंपाकघरातून आई आली. हात ओले होते, कांद्याच्या पातीचा वास होता. "अगं बाई! हे तुझं तू केलंस? केवढं छान आहे!" ती खाली बसली, कोतोनेचं बोट हलकेच उचललं आणि शेजारच्या पट्टीवर ठेवलं. "फक्त इथं हा नको. हा घे. ऐक, आता कसं गोड लागतं." आणि ते खरंच गोड लागलं. तेच तर वाईट होतं. आई कधीच चुकायची नाही. आई चुकली असती, खोटं बोलली असती, तिनं मारलं असतं, तर मूळचा स्वर डोक्यात कुठं तरी राहिला असता. पण कोतोनेला नवा स्वर आवडला, ती हरखून गेली, आणि जुना पुसून गेला. आता गाडीत तिनं तो शोधायचा प्रयत्न केला. एकेक पट्टी मांडीवर आजमावली. हा नव्हे, हाही नव्हे. चौथ्या स्वरावर बोट आलं की ते आईनं ठेवलं होतं तिथंच जाऊन पडायचं. ते हट्टानं दुसरीकडे ठेवलं तरी कानात आईचाच स्वर वाजायचा. त्या चार स्वरांत एक तिचा होता, आणि तोच कुठला ते तिला कधीच कळणार नव्हतं.

आईवर रागवायचं म्हटलं तर धरायला काही नव्हतं. आई याच कॉलेजात होती. दुसऱ्या वर्षाला असताना आजोबांचं अंग लुळं पडलं, आणि टोयोहाशीतल्या त्यांच्या माशाच्या वड्यांच्या दुकानात कुणीतरी उभं राहायला हवं होतं. आई उभी राहिली. पुढं लग्न झालं, दुकान गेलं, पुढच्या खोलीत पियानो आला, दारात चिमुकल्या चपलांची रांग लागायला लागली. आईनं कधी कुरकुर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, कोतोनेला निदान भांडता आलं असतं. आई फक्त शेजारी बसायची. कोतोनेचे पाय पोचत नव्हते तेव्हा पियानोचं पेडल आई दाबायची. वाजवायची कोतोने, आणि स्वर लांबायचा की तुटायचा ते ठरायचं आईच्या पावलावर. स्पर्धांत आई तिसऱ्या रांगेत बसायची आणि एकेक स्वराबरोबर तिचे ओठ हलायचे. कोतोनेला रंगमंचावरून ते दिसायचं. लोक म्हणायचे, केवढी साथ देते आई! क्यूशूहून बाबांचा फोन आला की तेसुद्धा सगळं ऐकून घेऊन शेवटी हसत म्हणायचे, "झालं! म्हणजे तू पण आईचीच री ओढणार." त्यात टोमणा नसायचा. नोकरीच्या गावी एकट्यानं राहून राहून त्यांना घरातली दोन माणसं एकाच आवाजात बोलताना ऐकायची सवय झाली होती. नवीन वर्षाला ते घरी यायचे, तेव्हा कोतोने दुसऱ्या खोलीतून काही बोलली तर कधी कधी ते 'काय गं ताकाए?' असं आईचं नाव घेऊन विचारायचे.

गाडी ओकाझाकी सोडून पुढं निघाली तेव्हा तिच्या डोक्यात तो विचार आला. आला म्हणजे एकदम आला, आणि तिला इतकं हलकं वाटलं की शेजारच्या आजी तिच्याकडे बघायला लागल्या. ही पानं आईला दाखवायची. सरांना त्यात कुणी दिसलं नाही, ठीक आहे, सर तिला ओळखतात किती? पण आईला दिसेल. आईच्या कानातून काही सुटत नाही. त्या पानांत कुठं एखादी जागा आईची नसेल, कोतोनेचीच असेल, तर आईला ती खड्यासारखी लागेल. आईच्या दोन भुवयांमध्ये ती बारीकशी घडी पडेल आणि ती म्हणेल, 'हे काय गं? हे कसलं भलतंच?' त्या घडीची ती वाट बघायला लागली. आईला आवडू नये म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली. मग बाकी सगळं झेपलं असतं. अर्ज, भांडण, पियानोचा वर्ग पुढं कोण चालवणार हा प्रश्न, सगळं. फक्त ती घडी पडायला हवी होती. टोयोहाशी आलं, ती उतरली, ट्रामच्या थांब्यावर सुसाट वारा होता. आई काय काय बोलेल आणि आपण काय काय उत्तर देऊ याची ती मनात घोकंपट्टी करत होती आणि जवळजवळ आनंदात होती.

शेवटची विद्यार्थिनी निघून गेली होती. पुढच्या खोलीत पियानोचं झाकण अजून उघडं होतं. "आलीस?" आई आतून म्हणाली. "नाक बघ कसं लाल झालंय वाऱ्यानं. हात धू आधी. ओदेनचा रस्सा केलाय, मुळा छान मुरलाय."

"आई, जेवायच्या आधी एक दाखवायचंय."

"काय गं? तोंड का असं केलंयस? नापास झालीस की काय?"

"नाही. मी काहीतरी लिहिलंय. चार आवाजांचं."

"कॉलेजात दिलं होतं करायला?"

"नाही. कुणी दिलं नव्हतं. माझं मीच."

आई बाहेर आली. तिनं एप्रनला हात पुसले, मग पुन्हा पुसले, जणू अजून ओले होते. ती पियानोच्या स्टुलावर बसली आणि तिनं चष्मा लावला. कोतोनेनं पिशवीतून पहिलं पान काढून समोर ठेवलं. दुसरं तिनं मुद्दाम आतच ठेवलं. आधी पहिल्यावर काय म्हणते बघू, असा तिचा हिशेब होता. ती बाजूला, आईचा चेहरा नीट दिसेल अशी उभी राहिली. आईनं पानावरून एकदा नजर फिरवली आणि वाजवायला सुरुवात केली.

आई नवं काही वाजवताना अडखळत नसे, तशी आताही अडखळली नाही. चारही आवाज वेगवेगळे ऐकू येत होते, आल्टो, बायकांतला खालचा आवाज, थोडी पुढं, बास पोटातून. कोतोने फक्त त्या दोन भुवयांकडे बघत होती. पहिलं वाक्य गेलं, कपाळ गुळगुळीत. दुसऱ्या वाक्यात एक जागा होती, तिथं तिनं टेनरला मुद्दाम लांब उडी मारायला लावली होती. आता, ती मनाशी म्हणाली. टेनरनं उडी मारली, आईचे ओठ त्याच्याबरोबर हलले, कपाळ तसंच. पहिलं पान संपलं. तिथंही अर्धा विराम होता, सरांनी माफीबद्दलची माफी म्हटलं होतं तोच, आणि पुढचं पान समोर नव्हतं. आता आई थांबणार. कोतोनेचा हात पिशवीकडे गेला.

आई थांबली नाही. तिनं श्वास घेतला आणि ती पुढं वाजवत गेली. तिसरं वाक्य पहिल्यासारखंच सुरू होत होतं. हे कुणालाही सुचेल, कोतोने मनाशी म्हणाली, असंच तर शिकवतात. मग ते काळोख्या बाजूला वळत होतं, आणि आईचा डावा हात तिथं वळला. तिनं डोळे मिटले होते. हेही सुचेल कुणाला, फार तर दहातल्या तिघांना. चौथं वाक्य सुरू झालं आणि कोतोनेनं पिशवीतल्या पानाची कड इतकी घट्ट धरली की ती चुरगळली. एकच जागा उरली होती. शेवटून दुसरा कॉर्ड. तिथं आल्टो सातव्या स्वरावर येते. घराचं दार एक पाऊल वर असतं, आणि सातव्या स्वरानं वर जायचं हा नियम. उन्हाळ्यात त्या खोलीत कोतोने या एका स्वरापाशी किती तरी दिवस बसली होती आणि शेवटी तिनं आल्टोला वर जाऊ दिलं नव्हतं. आल्टो दारातून माघारी फिरते आणि खाली उतरते. आतल्या आवाजाला तेवढी सवलत असते, म्हणून लाल रेघ येत नाही. पण ती वाट तिला कुणी दाखवली नव्हती. ते एक तरी माझं आहे, असं तिला वाटलं होतं, आणि सरांनाही ते दिसलं नाही याचा दिवसभर तिला आतून एक चोरटा आनंद होता.

त्या कॉर्डवर आईचे हात थांबले. आई मान किंचित कलती करून, डोळे मिटून, त्या सातव्या स्वराकडे कान देऊन बसली होती. भुवयांच्या मध्ये काहीतरी हललं. मग आईनं आल्टोला खाली उतरवलं, अगदी हलक्या बोटानं, आणि शेवटचा कॉर्ड भरून वाजला.

"इथं ती खालीच उतरली असणार, हो ना?" आई डोळे न उघडता म्हणाली. "सगळ्यांना वाटतं वर जावी. पण वर गेली की मधली जागा रिकामी राहते गं. कुणीतरी एकीनं उतरून ती भरायला लागते."

तिनं चष्मा काढला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. कोतोनेनं तिला इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं, स्पर्धा जिंकल्यावरही नाही. "अगदी माझंच वाटलं बघ," ती म्हणाली आणि तिनं कोतोनेचा थंड हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "कॉलेज सुटलं नसतं ना, तर मी हेच लिहिलं असतं. अगदी हेच, एकही स्वर इकडचा तिकडे नाही. आणि मी वेडी समजत होते की ते माझ्याबरोबरच गेलं."

कोतोनेला काहीतरी बोलायला हवं होतं. गाडीत पाठ केलेली सगळी उत्तरं भांडणाची होती, त्यातलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं. तिनं आपल्या आत नीट ऐकून पाहिलं, सर वर्गात ऐकायला सांगतात तसं, एकेक आवाज वेगळा करून. तिथं आई गात होती. दुसरं कुणीच नव्हतं. पुढच्या वर्षी नसेल, पियानोच्या शाखेत नसेल, रचनेच्या शाखेतही नसेल, आणि बहुधा आधीही कधी नव्हतं. याचं रडू यायला हवं होतं, पण रडणारंही आतून कुणी पुढं आलं नाही.

"दुसरं पान कुठंय?" आईनं डोळे पुसत विचारलं. "आण ना, नीट बघून वाजवते."

"नाही लागणार," कोतोने म्हणाली, आणि ओदेन गरम करायला आत गेली.